स्टॅनस क्लोराइडची बाटली दुधाळ झाली, आता काय?

ब्यूरेटवाली
नमस्कार मंडळी. धागा काढायची माझी ही पहिलीच वेळ, सांभाळून घ्या.

मी उपनगरातल्या एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे. गेल्या आठवड्यात टीवायच्या मुलांना लोहखनिजातल्या लोहाचं अनुमापन होतं, म्हणजे ब्यूरेटमधून द्रावण मोजून सोडत लोह किती ते काढायचं. सगळ्यांनी कधी ना कधी केलेला प्रयोग. खनिज हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायचं, पिवळंधमक द्रावण उकळीच्या जवळ आणायचं आणि त्यात स्टॅनस क्लोराइड, म्हणजे कथलाचं मीठ किंवा टिन सॉल्ट, थेंब थेंब सोडायचं. पिवळा रंग गेला की एखाददुसरा थेंब वर, मग नळाखाली गार करून मर्क्युरिक क्लोराइड, शेवटी डायक्रोमेटची ब्यूरेट.

सकाळी नव्या मुलाला म्हटलं, स्टॅनस क्लोराइड करून ठेव. त्याने इमानेइतबारे मीठ वजन केलं, फ्लास्कमध्ये टाकलं आणि वरून डिस्टिल्ड वॉटर ओतलं. बघता बघता फ्लास्कात पातळ ताक. "मॅडम, पाणी खराब आहे वाटतं." मी वरून आम्ल घातलं, थोडं निवळलं, पण पुरतं नाही. म्हणून कपाटातून मागच्या वर्षीची बाटली काढली. ती मात्र काचेसारखी स्वच्छ! मी खूश. आणि मग वीस मुलं बर्नरपुढे उभी, थेंबावर थेंब पडतायत आणि पिवळा रंग जागचा हलत नाही. एका मुलीने चाळीस थेंब मोजले आणि माझ्याकडे असं बघितलं की बस्स.

बाहेर धो धो पाऊस, लोकल रखडलेल्या, त्यामुळे सर येईपर्यंत मीच काय ते निस्तरायचं. शेवटी प्रॅक्टिकल रद्द केलं.

तर सांगा, दुधाळ का झालं, स्वच्छ असलेलं का चाललं नाही, आणि ही बाटली मुंबईच्या पावसाळ्यात टिकवायची कशी? आणि जाता जाता, हे टिन सॉल्ट आमच्या या एका प्रयोगापलीकडे कुणी वापरतं का? आमच्याकडे अर्धा किलोची बाटली येते, वर्षाला पन्नास ग्रॅमही लागत नाही.

निवृत्त_केमिस्ट
ताई, तुमच्याकडे दोन वेगळे रोगी होते आणि तुम्ही दोघांना एकच औषध देत होतात.

पहिला रोगी, म्हणजे ताक झालेला फ्लास्क. स्टॅनस क्लोराइड थोड्या पाण्यात मुकाट्याने विरघळतं, पण पाणी वाढवलं की पाणीच त्याच्याशी अभिक्रिया करायला लागतं. एक क्लोरीन सुटून हायड्रोक्लोरिक आम्ल होतं, त्याच्या जागी हायड्रॉक्सिल बसतं आणि पांढरा अविद्राव्य बेसिक क्लोराइड खाली येतो. हा व्यवहार उलटा फिरवता येतो, म्हणून आम्ल आधीपासून भरपूर असेल तर साका बनतच नाही. मागून आम्ल घालाल तर ताजा साका बराचसा विरघळतो, पण हट्टी असतो, वेळ खातो. म्हणून क्रम ठरलेला: आधी कोरडं मीठ, त्यावर तीव्र आम्ल, लागलं तर जरा गरम करा, सगळं पारदर्शक झालं की मगच पाणी. आम्ही ३० ग्रॅम मिठाला १०० मिलिलिटर तीव्र हायड्रोक्लोरिक घ्यायचो आणि पाण्याने २०० करायचो.

दुसरा रोगी जास्त फसवा. कथलाला दोन संयुजा असतात, दोन आणि चार. स्टॅनस म्हणजे दोनवालं. त्याला आणखी दोन इलेक्ट्रॉन देऊन टाकून चारवालं व्हायची घाई असते. तुमच्या प्रयोगात ते इलेक्ट्रॉन लोहाने घ्यावेत अशी आपली अपेक्षा, फेरिकचं फेरस होतं आणि पिवळा रंग जातो. पण बाटलीचं बूच सैल असेल तर ते काम हवेतला ऑक्सिजन आधीच करून ठेवतो. वर्षभरात आत उरतं ते स्टॅनिक, आणि पुरेसं आम्ल असलं की तेही बिनरंगी, स्वच्छच दिसतं. दुधाळ बाटली आजारी असल्याचं तोंडावर सांगते तरी. तुमची ती स्वच्छ बाटली केव्हाच गेलेली होती.

टिकवायला उपाय जुना आहे. बाटलीत शुद्ध कथलाचे दोनचार दाणे टाकून ठेवा. धातूरूप कथील स्टॅनिकला परत स्टॅनसवर आणतं. दाणे हळूहळू झिजतात, दिसेनासे झाले की नवे टाका.

आळशी_वाचक
वाचतोय. बारावीला रसायनात ४१ मिळाले होते, तरी समजलं. पुढील लेखनाला शुभेच्छा.

खाडीचंपाणी
आम्ही पाण्याच्या नमुन्यांत फॉस्फेट मोजतो. तलाव, नाले, सांडपाणी, येईल ते. नमुन्यात मॉलिब्डेट घालायचं आणि मग स्टॅनस क्लोराइड, की फॉस्फेट असेल त्या प्रमाणात निळा रंग चढतो. ६९० नॅनोमीटरला वाचतो. इथं घड्याळ लावून काम करावं लागतं, दहा ते बारा मिनिटांच्या आतच वाचन घ्यायचं, कारण रंग आधी चढत जातो आणि मग उतरतो. चहा प्यायला गेलात की नमुना गेला.

आम्ही ते मीठ पाण्यात करतच नाही. अडीच ग्रॅम मीठ १०० मिलिलिटर ग्लिसरीनमध्ये, वॉटरबाथवर ठेवून काचेच्या कांडीने ढवळत बसायचं. जाड, मधासारखं होतं आणि बराच काळ टिकतं. ताई, तुमच्या लोहाच्या कामाला मात्र ग्लिसरीन नको. पुढे डायक्रोमेट येणार आहे, त्याला आणखी एक सेंद्रिय खाद्य कशाला द्या.

विट्याचा_गलाई
आता आमचा नंबर. आमचं घराणं सांगली जिल्ह्यातलं, खानापूर-आटपाडीकडचं. तिकडची निम्मी गावं सोन्या-चांदीच्या गलाईत, म्हणजे गाळून शुद्ध करायच्या धंद्यात, देशभर पसरलीत हे इथं बऱ्याच जणांना माहीत असेल. आजोबा झवेरी बाजारात आले, मी तिसरी पिढी. तुमचं स्टॅनस क्लोराइड आमच्याकडं रोज लागतं, फक्त नाव कुणी घेत नाही. "टेस्टचं पाणी" म्हणतात.

काम असं. जुनं सोनं, पॉलिशची धूळ, झारेकऱ्यानं झाडून-धुवून आणलेला माल, हे सगळं शेवटी तेजाबात जातं. सोनं विरघळून पिवळं पाणी होतं. मग हिराकस (फेरस सल्फेट) किंवा दुसरं काही घालून सोनं खाली बसवायचं, तपकिरी मातीगत दिसतं. आता वरचं पाणी फेकायचं का? त्यात सोनं उरलं असेल तर? तर गाळणकागदाच्या तुकड्यावर त्या पाण्याचा एक थेंब, शेजारून टेस्टच्या पाण्याचा एक थेंब. दोन्ही जिथं मिळतात तिथं जांभळा उमटला तर अजून सोनं आहे. सोनं जास्त असेल तर डाग जवळपास काळाच पडतो, कमी असेल तर पिकल्या जांभळाच्या सालीसारखी कड येते. पॅलेडियम असेल तर हिरवट झाक, प्लॅटिनम असेल तर नारिंगी-तपकिरी. आणि पाण्यात नायट्रिक फार उरलं असेल तर रंग उमटून डोळ्यांदेखत जातो, हेही शिकावं लागतं.

आता माझी फजिती सांगतो. नवीन होतो, काका गावाला. सोनं बसवलं, टेस्ट घेतली, कागद कोरा. दुसरा थेंब, तोही कोरा. बरं वाटलं, सगळं बसलं. बादली उचलून मोरीकडं निघालो. काका नेमके दारातून आत आले, पिशवीसुद्धा खांद्यावरून उतरवली नव्हती. म्हणाले, "टेस्टचं पाणी कधीचं हाय?" म्हणलं, दिवाळीच्या आधीचं. "मग ते पाणी मेलंय, सोनं न्हाई." एका छोट्या बाटलीत ठेवलेलं मुद्दामचं सोन्याचं पाणी काढलं, त्यावर थेंब टाकला. कागद कोराच! नवीन पाणी करून बादलीतला थेंब घेतला तर कागद असा जांभळा की मी खालीच बसलो. तेव्हापासून नियम, आधी ज्यात सोनं आहे हे ठाऊक आहे त्यावर टेस्ट करायची, मग ज्यात नाही वाटतं त्यावर.

ताई, तुम्ही पण बॅच यायच्या आधी एका थेंबानं फेरिकवर बघून घेत जा.

निवृत्त_केमिस्ट
@विट्याचा_गलाई, झकास. तुमच्या त्या जांभळ्या डागाला जगात 'कॅसियसचा जांभळा' म्हणतात. आंद्रेआस कॅसियसने १६८५ मध्ये सोन्यावरच्या पुस्तकात त्याबद्दल लिहिलं, म्हणून त्याचं नाव चिकटलं. युरोपात चिनी मातीच्या भांड्यांवरचा गुलाबी रंग त्यातून यायचा. तो रंग म्हणजे नक्की काय, यावर लोक दोनशे वर्षं भांडले. संयुग की मिश्रण? शेवटी झिगमोंडी नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की स्टॅनिक ऑक्साइडच्या जेलीसारख्या पदार्थाला चिकटून बसलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण आहेत ते. कलिलांवरच्या (कोलॉइड) कामासाठी १९२५ चं नोबेल त्याला मिळालं. म्हणजे तुमच्या कागदावर जे उमटतं ते सोनंच, फक्त इतकं बारीक की पिवळं दिसत नाही.

विट्याचा_गलाई
सोनंच? मग ते कागद आम्ही जपून ठेवतो ते बरोबरच करतो म्हणायचं 😄 वर्षाकाठी जाळून राख गाळतो.

गिरगावची_सून
बावळट प्रश्न असेल, पण कथील म्हणजे कल्हईचंच ना? आमच्या चाळीत कल्हईवाला यायचा. सासूबाई पितळेची पातेली घेऊन खाली जायच्या, मीही मागोमाग, कारण तो पांढरा धूर आणि चर्र आवाज बघायला मला अजूनही आवडतो. तर हे मीठ आणि ती कल्हई यांचा काही संबंध?

निवृत्त_केमिस्ट
बावळट अजिबात नाही. कल्हईवाला पातेलं तापवतो, नवसागराची पूड टाकतो, कथलाची कांडी टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने एका फटक्यात फिरवतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्या भांड्यावर त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन तुकडे होतात. वर जाऊन थंड होताच ते परत एकत्र येतात, तोच तुमचा पांढरा धूर. मधल्या काळात हायड्रोजन क्लोराइड तांब्या-पितळेवरचा काळा थर खातं आणि थोडंसं वितळल्या कथलालाही लागतं. म्हणजे चाळीच्या चौकात थोडं टिन सॉल्ट रोज बनत होतं, नाव न घेता. पृष्ठभाग असा स्वच्छ झाल्याशिवाय कथील धरतच नाही, थेंब होऊन पळतं.

बाटलीतलं मीठ बनवायचीही पद्धत याच जातीची आहे. शुद्ध कथील वितळवून उंचावरून पाण्यात ओतायचं, वेडेवाकडे हलके दाणे पडतात. ते तीव्र हायड्रोक्लोरिकमध्ये टाकून गरम करायचं. हायड्रोजनचे बुडबुडे येतात, पण कथील फार शुद्ध असेल तर काम गोगलगायीच्या चालीने चालतं. त्यात तांब्याची तार टेकवून ठेवली की वेग वाढतो, बुडबुडे मग तारेवरून सुटायला लागतात आणि विरघळतं मात्र कथील. सगळं कथील संपू द्यायचं नाही, थोडं तळाशी उरलंच पाहिजे, नाहीतर हवा लगेच आपला वाटा घेते. मग गाळून, आटवून, थंड करायचं. पांढरे स्फटिक येतात, प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन. हिशेब सोपा आहे, ११९ ग्रॅम कथलाचं जवळजवळ २२६ ग्रॅम मीठ, म्हणजे वजन दुपटीच्या थोडं आत.

बिनपाण्याचं हवं असेल तर तापल्या कथलावरून कोरडा हायड्रोजन क्लोराइड वायू सोडतात, किंवा पाणीवालं मीठ ॲसेटिक ॲनहायड्राइडबरोबर ढवळतात, ते पाणी ओढून घेतं. बिनपाण्याचं मीठ २४७ अंशांना वितळतं. पाणीवालं किती अंशांना? ३७.७! स्वतःच्याच पाण्यात विरघळतं म्हणा ना. मे महिन्यात पत्र्याच्या गोडाऊनमध्ये दुपारी बाटली उघडलीत तर आत लगदा मिळू शकतो. मला मिळालाय. दुकानदाराला वाटलं मी भेसळीचा आरोप करतोय. रात्री थंड झाल्यावर तो लगदा दगड होतो आणि मग छिन्नीने फोडायचा.

उत्साही_मूर्ती
मस्त! मग रविवारी करूनच बघतो. लोहार चाळीतून सोल्डरचं रीळ आणलंय, संडास साफ करायचं ॲसिड घरात आहे, आणि तेलाचे दोन रिकामे टिनचे डबे आहेत. गॅलरीत करू का?

निवृत्त_केमिस्ट
नका करू. कारणं ऐका, नुसतं रागावत नाही.

टिनचा डबा लोखंडाचा असतो, आतून कथलाचा अगदी पातळ मुलामा. तो आम्लात टाकलात तर कथील चिमूटभर आणि फेरस क्लोराइड बादलीभर. सोल्डरमध्ये बहुधा शिसं असतं. शिशाचं क्लोराइड गरम पाण्यात विरघळतं आणि थंड झालं की सुंदर पांढऱ्या सुया होऊन खाली बसतं. तुम्ही खूश व्हाल की स्फटिक आले, आणि हातात विष असेल. संडासचं ॲसिड पातळ असतं, वर त्यात रंग आणि वास. तीव्र आम्ल आणलंत तर उकळताना वाफा शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातील, हायड्रोजन सुटेल तो वेगळाच. आणि ज्याला लोक बोलण्यात 'टिन फॉइल' म्हणतात तो ॲल्युमिनियमचा असतो, त्याने तर आम्लात भडकाच होईल.

उत्साही_मूर्ती
बरं बाबा. डब्यांत तुळस लावतो.

गिरणगावकर
लोअर परळच्या एका गिरणीत बाबा छपाई खात्यात होते. आमच्या घरी 'टिन सॉल्ट' हा शब्द मी दुसरीत असताना ऐकलाय, मग शाळेत सरांनी स्टॅनस क्लोराइड म्हटलं तेव्हा मला वाटलं हे काहीतरी दुसरं.

छपाई म्हणजे कापडावर रंग लावणं असं लोकांना वाटतं. काही छपाईत रंग काढायचा असतो. आधी अख्खं कापड गडद रंगवायचं, मग नक्षीच्या जागी टिन सॉल्टची खळ छापायची आणि वाफ द्यायची. वाफेत ते मीठ रंगाच्या रेणूचे तुकडे पाडतं आणि तिथं पांढरं उमटतं. डिस्चार्ज म्हणतात त्याला. खळीत टिनने न मरणारा दुसरा रंग मिसळला तर काळ्या जमिनीवर थेट लाल किंवा पिवळं फूल. वरून रंग छापून काळ्यावर पिवळं कधी येईल का?

सुती मालाला रंग काढायला रोंगालाइट नावाचं दुसरं रसायन चालायचं. टिन सॉल्ट जास्त करून ॲसिटेट, पॉलिस्टर असल्या मालावर. पण त्याची एक खोड, वाफेत त्यातून हायड्रोक्लोरिक सुटायचं आणि स्टीमरचा पत्रा, खिळे, पट्ट्या सगळं खायचं. बाबा म्हणायचे, "डिझाइन कापडावर कमी नि मशीनवर जास्त." त्यांच्या डाव्या हाताच्या दोन नखांच्या कडा कायम पिवळट होत्या. कशाने ते डॉक्टरने कधी सांगितलं नाही, बाबांनी कधी विचारलं नाही. ८२ च्या संपानंतर ते खातं पुन्हा काही नीट उभं राहिलं नाही. माझ्याकडे त्यांच्या वहीचं एक पान आहे, पेन्सिलने लिहिलेली खळीची मापं, टिन सॉल्टपुढे दोन रेघा मारून लिहिलंय, 'ताजं. वास घेऊन.'

वास घेऊन म्हणजे काय, ते कुणी सांगेल का? मला अजून कळलेलं नाही.

खाडीचंपाणी
माझा अंदाज: बाटली उघडल्यावर आम्लाचा झणका येतो का ते बघत असतील. ओलावा खाल्लेल्या मिठातून हायड्रोक्लोरिकचा वास जास्त येतो. पण आज कुणी असला वास घेऊ नये.

निवृत्त_केमिस्ट
@गिरणगावकर, ते पान जपा.

रंगाच्या कामात कथलाचं मीठ गिरण्यांच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि तिथं ते रंग काढायला नाही, धरून ठेवायला. किरमिजी किड्याचा रंग तुरटीबरोबर किरमिजी येतो, कथलाबरोबर तो पेटल्यासारखा शेंदरी-लाल होतो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कॉर्नेलिस ड्रेबल नावाच्या डच माणसाला हे सापडलं. खिडकीच्या कथलाच्या चौकटीवर आम्ल सांडलं आणि ते खालच्या रंगाच्या भांड्यात ठिबकलं, अशी गोष्ट सांगतात. गोष्टी अशाच असतात, पण लोकरीवरचा तो लाल खरा होता आणि युरोपात त्याने पैसा केला.

आता स्टॅनस क्लोराइडच्या थोरल्या भावाबद्दल एक ओळ. वितळल्या कथलावरून क्लोरीन सोडला की स्टॅनिक क्लोराइड मिळतं. ते मीठ वाटतच नाही, बिनरंगी पातळ द्रव, ११४ अंशांना उकळतो. लिबावियसचा धुमसणारा द्रव म्हणायचे. जुलैत मुंबईत त्याचं बूच उघडलं तर खोलीत धुकं पडतं. एकेकाळी रेशीम वजनावर विकलं जायचं, तेव्हा ते यात बुडवून जड करायचे. गिऱ्हाईक कथलाचे पैसे रेशमाच्या भावाने द्यायचं आणि काही वर्षांत कापड घडीवर चिरायचं.

दातांचा_शत्रू
अवांतर: माझ्या टूथपेस्टवर 'स्टॅनस फ्लोराइड' लिहिलंय. मी कथील खातोय का?

ब्यूरेटवाली
खात नाही, थुंकताय अशी आशा आहे 🙂 ते क्लोराइड नव्हे, फ्लोराइड. फ्लोराइड दात कठीण करायला आणि स्टॅनस जंतूंना आवर घालायला. अडचण इथेही तीच, ट्यूबमध्ये पाणी असलं की स्टॅनस टिकत नाही. कंपन्यांची बरीच डोकेफोड ते टिकवण्यात गेली आहे. काहींच्या दातांवर तपकिरी डागही पडतात.

गॅमा_कॅमेरा
हा धागा माझ्यापर्यंत इतक्या उशिरा का पोहोचला! मी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात न्यूक्लियर मेडिसिनला आहे. तुम्ही अर्धा किलोच्या बाटलीबद्दल बोलताय, आमच्याकडे एका कुपीत हे मीठ मिलिग्रॅमच्या आगेमागे असतं, कित्येकदा त्याहूनही कमी. पण ते नसेल तर आमचं दुकान बंद.

रोज सकाळी आम्ही गाईचं दूध काढतो. गाय म्हणजे जनरेटर, शिशाच्या जाड भांड्यातला एक स्तंभ. आत मॉलिब्डेनम-९९, अर्धायुष्य ६६ तास. त्यातून टेक्निशियम-९९एम तयार होत राहतं, हेच ते कॅमेऱ्याला दिसणारं किरणोत्सर्गी द्रव्य, अर्धायुष्य ६ तास. सलाइन सोडून ते धुवून घ्यायचं. पण ते निघतं परटेक्नेटेट म्हणून, संयुजा सात, आणि त्या रूपात ते कुणाशीच बंध करत नाही. हाडांकडे नेणारं औषध शेजारी ठेवा, ढुंकूनही बघणार नाही. त्याला खालच्या संयुजेवर आणलं की लगेच चिकटतं. आणणारा कोण? स्टॅनस क्लोराइड. म्हणून हाडांचं किट, मूत्रपिंडाचं किट, कोणतंही घ्या, कुपीत त्या औषधाबरोबर चिमटीपेक्षाही कमी टिन घालून, गोठवून वाळवून, नायट्रोजनखाली रबरी बूच लावून बंद केलेलं असतं. आपल्याकडे अशी किट वाशीहून, अणुऊर्जा विभागाच्या ब्रिटमधून येतात.

आता गलाईवाल्या दादांसारखीच आमची फजिती. सुईने कुपीत टेक्निशियम सोडताना दाब सांभाळायला आतली थोडी हवा परत सिरिंजमध्ये ओढून घ्यायची असते. एका शिकाऊ मुलाने उलट केलं, बाहेरची हवा आत ढकलली. कुपी दिसायला तशीच, पारदर्शक. दिवस गर्दीचा होता, आणि कागदाच्या पट्टीवर तपासून बघायची जी पायरी असते ती त्या दिवशी झाली नाही. दोन तासांनी पेशंट कॅमेऱ्याखाली. हाडं फिकी, आणि गळ्यात थायरॉइड, पोटात जठर, दोन्ही दिव्यासारखी उजळलेली. म्हणजे टेक्निशियम तसंच मोकळं फिरत होतं. टिन हवेने खाल्लं होतं. आजोबा बदलापूरहून आले होते, मुलाने रजा टाकली होती. त्यांना पुन्हा बोलवावं लागलं. ते रागावले नाहीत, "होतं हो" म्हणाले, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आणखी एक गंमत. हृदयाचं पंपिंग बघायचं असेल तर आधी नुसतं टिनवालं औषध शिरेतून देतात. अर्ध्या तासात ते तांबड्या पेशींत शिरून बसतं. मग टेक्निशियम दिलं की ते पेशीत जातं, टिन त्याला आत पकडतं आणि बाहेर पडू देत नाही. भांड्याला कल्हई लावतात, आम्ही रक्ताला लावतो.

गिरगावची_सून
रक्ताला कल्हई! सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यांना लावतात का विचार."

आरसेमहाल
काचेवर चांदी चढवताना आम्हीही आधी स्टॅनस क्लोराइडचं पातळ पाणी फिरवतो, मग धुतो, मग चांदीचं द्रावण. ते फिरवलं नाही तर चांदी डागाडागांनी बसते आणि बोटाने निघून येते. प्लास्टिकच्या नळांवर क्रोम चढवतात तिथंही सुरुवात अशीच करायची पद्धत आहे, टिन आणि मग पॅलेडियम. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही, धंदा आहे.

हरित_मुंबई
सगळं छान, पण मूळ प्रयोगाचं काय? जास्तीचं स्टॅनस मारायला तुम्ही पाऱ्याचं क्लोराइड वापरता. वीस मुलं, प्रत्येकी तीन वाचनं, सगळं सिंकमध्ये. आणि मग आम्ही खाडीतल्या माशांबद्दल बोलायचं.

ब्यूरेटवाली
टीका मान्य. आमच्याकडे पाऱ्यासाठी वेगळा कॅन आहे, सिंकमध्ये जात नाही. पण कॅन भरल्यावर तो दोन वर्षं कोपऱ्यात उभा आहे, हेही खरं.

निवृत्त_केमिस्ट
पाऱ्याशिवाय करता येतं. बहुतेक लोह स्टॅनसने खाली आणायचं, थोडा पिवळेपणा मुद्दाम ठेवायचा. उरलेलं टायटॅनियम ट्रायक्लोराइडने, सोबत सोडियम टंगस्टेट. निळा उमटला की टायटॅनियम जास्त झालं, मग पातळ डायक्रोमेटच्या थेंबाने तो निळा घालवायचा आणि तिथून मोजायला सुरुवात. खनिजाच्या प्रयोगशाळा असंच करतात. विद्यापीठाच्या जर्नलमध्ये पारा छापलेला आहे म्हणून मुलं पारा ओततात.

हरित_मुंबई
हे तुम्ही पहिल्याच प्रतिसादात सांगायला हवं होतं काका.

निवृत्त_केमिस्ट
पहिल्या प्रतिसादात ताईंचं प्रॅक्टिकल वाचवायचं होतं.

ब्यूरेटवाली
अपडेट देते. काल राहिलेलं प्रॅक्टिकल झालं.

सकाळी मीठ कोरड्या बीकरमध्ये, वर तीव्र आम्ल, फ्यूम कपाटात मंद गरम. नव्या मुलाला म्हटलं, आता तूच पाणी घाल, हळू. तो दर दहा मिलिलिटरला थांबून बीकर उजेडाकडे धरून बघत होता. शेवटपर्यंत स्वच्छ. बॅच यायच्या आधी एका परीक्षानळीत फेरिकवर दोन थेंब टाकून बघितले, पिवळं क्षणात गेलं.

मग वर्गात, जिने मागे चाळीस थेंब मोजले होते तिचा पिवळा रंग सातव्या थेंबाला गेला. पाऱ्याचं क्लोराइड घातल्यावर रेशमासारखा चमकणारा बारीक साका हवा, तो तिला मिळाला. शेजारच्या मुलाने घाईत स्टॅनसचे दहाबारा थेंब जास्त घातले होते, त्याचा साका करडा पडला. पारा उतरला त्यात. त्याने विचारलं, चालेल का? म्हटलं फेक, म्हणजे कॅनमध्ये फेक, आणि पुन्हा सुरू कर.

टायटॅनियमवाली रीत सरांपुढे मांडणार आहे. ट्रायक्लोराइडची किंमत काढायला सांगितलीय त्यांनी.

कथलाचे दाणे मिळाले. अर्धा किलोच्या बाटलीतलं मीठ छोट्या बाटल्यांत वाटून, बुचांना मेण लावून डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवलं. द्रावणाच्या बाटलीत तीन दाणे टाकले आणि तारीख लिहिली.

ब्यूरेटवाली
आज सकाळचं: मामांनी टेबल आवरताना 'तळाला कचरा आहे' म्हणून द्रावण गाळून दुसऱ्या बाटलीत भरून ठेवलंय. कचरा टाकून दिला.

विट्याचा_गलाई
ताई, मामांना आमच्याकडं पाठवा. आमच्याकडं कचरा टाकत न्हाईत.